पगडी मावेल अशी गाडी

तुळजाजी अप्पांच्या नुंगंबाक्कमच्या घरात राणोजी आणि जनकोजी हे दोघे सख्खे भाऊ एकाच छपराखाली राहत, एकाच पंक्तीला जेवत आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. बोलायचं ते माझ्यामार्फत. मी गुंडो. या घरचा कारभारी म्हणवून घेतो, खरं तर सकाळच्या कॉफीचा धनी. पानावर दोघे शेजारी-शेजारी बसलेले असताना थोरला राणोजी म्हणायचा, "गुंडोपंत, त्यांना सांगा, रसमचं भांडं सरकवा." धाकटा जनकोजी म्हणायचा, "गुंडोपंत, त्यांना सांगा, हात आखूड असतील तर पळी लांब करून घ्या." मी निरोप इकडून तिकडे पोचवायचो. पोचवताना थोडं तिखटमीठ लावायचो, नाही म्हणत नाही. कोरडा निरोप कुणाच्या घशाखाली उतरतो?

भांडण कशावरून सुरू झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, म्हणून ते मिटतही नव्हतं. पण ते कशासाठी चालू ठेवलं होतं ते साऱ्या मद्रासला दिसत होतं. ते अप्पांच्या डोक्यावर होतं.

अप्पांची ती तंजावरी पगडी. लाल, जरीच्या पट्ट्यांची, आणि उंच इतकी की अप्पा दारात वाकले म्हणजे पगडी आधी दिवाणखान्यात पोचायची आणि अप्पा मागाहून यायचे. पगडी ज्याच्या डोक्यावर, घरात शब्द त्याचा. शेत ठेवायचं की विकायचं, कुणाची मुलगी कुठे द्यायची, कुणी कुठल्या खोलीत निजायचं, हे पगडी ठरवणार. बाकीच्यांनी मान हलवायची. राणोजीनं केव्हाच सांगून ठेवलं होतं की पगडी आली की धाकट्याला विहिरीकडच्या खोलीत घालीन. जनकोजीनं सांगून ठेवलं होतं की पगडी आली की थोरल्याला विहिरीतच घालीन.

पगडी उतरवायची या घराण्याची रीत ठरलेली. म्हाताऱ्यानं आपल्या उंबऱ्यावर ती डोक्याला चढवायची आणि थेट तंजावरजवळ पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मा देवीपुढे उतरवायची. मधे वाटेत एकदाही काढायची नाही, वाकडीसुद्धा होऊ द्यायची नाही. आणि वाटभर जो शेजारी बसून घेऊन जाईल, पगडी त्याची. अप्पांच्या आजोबांना हत्तीवरून नेलं होतं. तो हत्ती पगडीला इतका बुजून चालायचा की वाटेत शिंकही त्यानं दाबून धरली आणि देवळात पोचल्यावर एकदाच शिंकला, दीपमाळ विझली. हे माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलं.

सत्तावन्न साली, श्रावणातल्या एका सकाळी, अप्पांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि दोन्ही पोरांकडे बघून म्हणाले, "येत्या विजयादशमीला पगडी उतरवतो. गाडीनं जाईन. मोठी हवी, घराण्याला शोभेल अशी. दोघं आपापली आणा. मी बसून बघतो."

"म्हणजे अप्पा, आमच्यातला कोण ते..." राणोजी म्हणाला.

"पोरगा मी निवडत नाही डा. दोन्ही सारखेच नालायक. मी गाडी निवडणार." अप्पा चिडले की त्यांचं 'रे' तमिळ 'डा' व्हायचं.

म्हाताऱ्याला या भांडणाची गोडी होती. रोज सकाळी अंगाला तेल चोळून घ्यावं तसं तो ते दोघांकडून चोळून घ्यायचा.

त्या काळी परदेशी गाडी दुकानातून मिळत नव्हती. आयात बंद. कोण बुडतोय आणि कोण विलायतेला परत चाललाय यावर टपून बसावं लागायचं. राणोजीनं कोडंबाक्कमचा एक बुडालेला सिनेमावाला गाठला आणि त्याची अमेरिकन गाडी आणली. जनकोजीनं घरी परतणाऱ्या एका साहेबाची इंग्लिश गाडी उचलली. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. कंपन्या परदेशी असल्या तरी वकील इथलेच असतात.

अमेरिकन गाडी मोरपंखी रंगाची, आणि लांब अशी की तिचं तोंड फाटकातून आत आलं तेव्हा शेपूट अजून माऊंट रोडवर सिग्नलला थांबलेलं होतं. पुढे चकचकीत दातांची कवळी. गिअर बदलायचे नाहीत, तिचे तीच बदलायची. आत रेडिओ. जनकोजी व्हरांड्यातून बघत होता. म्हणाला, "गुंडोपंत, त्यांना विचारा, ही सुसर अंडी कुठे घालणार?"

इंग्लिश गाडी काळी, उंच, ताठ. आत अक्रोडाच्या लाकडाची फळी, मागच्या बाकासमोर उघडमिट करायची टेबलं, चामड्याचा वास. राणोजीनं नाकाला उपरणं लावलं. "गुंडोपंत, त्यांना सांगा, पेटाऱ्याला चाकं लावली म्हणून गाडी होत नाही. आणि साहेब आत मेला होता का तेही विचारा."

त्या दिवसापासून गाड्यांची नावं तीच पडली, सुसर आणि पेटारा. बायका, मोलकरणी, दूधवाला, सगळे तेच म्हणायला लागले.

मग अप्पांची परीक्षा सुरू झाली. पगडी घालून अप्पा आधी सुसरीत शिरले. शिरले म्हणजे काय, अर्धे शिरले. सुसरीचं छप्पर बसकं. पगडी छताला टेकली आणि अप्पांची मान नव्या नवरीसारखी खाली. राणोजीनं गाडी मरीनापर्यंत नेली. वाटभर अप्पांना स्वतःच्या पोटाशिवाय काही दिसलं नाही. परत आल्यावर विचारलं, समुद्र कसा होता? अप्पा म्हणाले, "बेंबीएवढा."

जनकोजी हसला तो पार पोट धरून. "गुंडोपंत, त्यांना सांगा, सुसरीच्या तोंडात माणूस उभा राहत नसतो."

दुसऱ्या दिवशी पेटारा. छप्पर उंच, साहेब लोक टोपी घालून बसत असतील. पगडी मावली, वर चार बोटं जागा राहिली. जनकोजीच्या चेहऱ्यावर विजयादशमी त्याच दिवशी उजाडली. पण रेल्वेचं फाटक ओलांडताना रुळांवर पेटाऱ्यानं उडी घेतली, अप्पा वर गेले, छप्पर खाली आलं, आणि पगडी अप्पांच्या नाकापर्यंत उतरली. घरी आले तेव्हा अप्पा आंधळ्यासारखे हात पुढे करून गाडीतून उतरत होते. आम्ही तिघांनी ओढून पगडी सोडवली. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

राणोजी म्हणाला, "गुंडोपंत, त्यांना सांगा, बापाला लोणच्यासारखं बरणीत कोंबू नका."

अप्पांनी कपाळ चोळत निकाल दिला. "दोन्ही नापास. सुसरीत पगडी मावत नाही आणि पेटाऱ्यात रस्ता मावत नाही. दसऱ्याला वेळ आहे. दुरुस्त करा."

इथून पुढे दोघांचं डोकं फिरलं. राणोजीनं लग्नघरी सांबार करतात तो तांब्याचा भला थोरला हंडा, इकडे त्याला अंडा म्हणतात, तो विकत घेतला. सुसरीच्या छताला गोल भोक पाडलं आणि अंडा त्यावर उपडा रिव्हेट मारून बसवला. आतून लाल मखमल. बाहेरून गाडी अशी दिसे की कुणी सुसरीच्या पाठीवर इडल्या उकडायला ठेवल्यात. ऊन पडलं की तांबं असं चमकायचं की वरून जाणाऱ्या घारी डोळे मिटून उडायच्या आणि एक दोन तर कलेक्टरच्या कचेरीवर आपटल्या.

जनकोजीनं उलटं केलं. छताला हात लावला नाही, मागचं बाकच उखडून टाकलं. अप्पांना गाडीच्या तळावर गादी टाकून मांडी घालून बसवायचं. आता कितीही उडाले तरी छप्पर लांब. तसं फिरवून आणलं. रस्त्यावरच्या लोकांना काचेतून फक्त पगडी दिसायची, खाली माणूस नाही. त्या दिवशी नुंगंबाक्कममध्ये अफवा उठली की तुळजाजी गेले आणि पगडी एकटीच फिरायला निघालीय. संध्याकाळी चार माणसं हार घेऊन समाचाराला आली. अप्पांनी त्यांना कॉफी पाजली आणि हार ठेवून घेतला.

"आता कुठली, अप्पा?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या सकाळी सांगेन. दोन्ही गाड्या उंबऱ्याशी आणायला लावा. जी आधी लागेल तिच्यात बसेन."

बोलून म्हातारा डोळे मिटून हसला. मला तेव्हाच कळलं की यानं भांडणाला शर्यतही जोडली.

नवमीला तंजावरहून अन्नपूर्णाबाई आली. ही अप्पांची थोरली मुलगी, दोघांची अक्का. विधवा, तंजावरला शाळेत शिकवणारी, जिभेला धार. पेटी घेऊन व्हरांड्यात उभी राहिली आणि दोन्ही गाड्यांकडे बघत राहिली.

"हे काय रे? एकीला टेंगूळ आलंय आणि दुसरीचं पोट साफ केलंय."

"अक्का, तू मधे पडू नकोस," राणोजी म्हणाला.

"पडत नाही. उद्या मलाही परत जायचंय. कुणाच्या गाडीत जागा आहे?"

राणोजी म्हणाला, अप्पांशेजारी मी बसणार, ड्रायव्हरशेजारी नैवेद्याची टोपली. जनकोजी म्हणाला, "माझ्या गाडीत बाकच नाही, अक्का. तू बसनं ये. बस तुला सवयीची."

"हो. अप्पांच्या सेवेला ये-जा केली, बसची सवय झाली. तुम्हा दोघांना ना सेवेची सवय ना लाजेची." एवढं बोलून तिनं स्वतःची पेटी स्वतः उचलली आणि स्वैपाकघरामागच्या पडवीत नेऊन ठेवली. पुढच्या खोल्या दोन्ही भावजयांनी आधीच अडवल्या होत्या. जाताना मला म्हणाली, "गुंडोपंत, सकाळी मागच्या बोळात रिक्षा सांगून ठेवा. एग्मोरला जाऊन मी आपली आगगाडीनं जाईन."

विजयादशमीची सकाळ. राहुकाळ लागायच्या आत अप्पांनी उंबरा ओलांडायचा होता, नाहीतर पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबणं. दोघा भावांनी ड्रायव्हरांना पूजा होईपर्यंत सुट्टी दिली, कारण ड्रायव्हर दुसऱ्यानं फोडला असेल अशी दोघांनाही खात्री. स्वतःच गाड्या काढून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात पूजेला नेल्या. चंदन, कुंकू, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं.

इथवर ठीक होतं. पण गाडी फाटकातून बाहेर पडताना राणोजीनं धाकट्याची दृष्ट लागू नये म्हणून फाटकात कोहळा फोडला होता. जनकोजीनं ते पाहिलं आणि थोरल्याची नजर अधिक वाईट म्हणून दोन फोडले. राणोजी परत उतरला आणि आणखी फोडले. कोत्तवाल चावडीच्या भाजीबाजारात त्या दिवशी कुणालाच कोहळा मिळाला नाही असं म्हणतात. सगळे आमच्या फाटकात होते. कुंकू कालवलेला तो लालभडक गर घोट्याएवढा साचला होता.

देवळातून दोन्ही गाड्या एकदमच परतल्या, पण एकमेकांमागे नको म्हणून वेगवेगळ्या वाटांनी. उंबऱ्याशी आधी लागायचं! रस्त्याच्या एका टोकाकडून सुसर, दुसऱ्या टोकाकडून पेटारा, दोन्ही फाटकाकडे वळल्या. फाटक दीड गाडीचं. ब्रेक दोघांनी दाबले असतील, पण चाकं कोहळ्यावर होती. दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी, अगदी हातात हात घातल्यासारख्या, घसरत फाटकात आल्या आणि दोन खांबांच्या मधे गच्च बसल्या. बंपर बंपरात अडकला. अंड्यावरचं कुंकू उडून अप्पांच्या धोतरावर पडलं.

अप्पा उंबऱ्यावर उभे होते. पगडी डोक्यावर. मी शेजारी.

पुढची दारं उघडेनात. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला भाऊ. मागच्या दारांनी रस्त्यावर उतरता आलं असतं, पण जो उतरला तो हरला. काचेला काच लागून दोघे स्टिअरिंगवर बसून राहिले. मग राणोजीनं काच खाली केली. जनकोजीनंही केली. मी निरोप घ्यायला पुढे झालो.

"मागे घे डा," राणोजी म्हणाला.

"तुम्ही घ्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघे एकमेकांशी बोलले होते. माझी कॉफी गेली.

"मी थोरला आहे."

"थोरले म्हणून आधी घ्या!"

"माझी सायकल विहिरीत कुणी टाकली?"

"माझ्या लग्नात पंक्तीतून उठून कोण गेलं?"

"पायसम आंबट होतं!"

"लग्नाला लोक पायसम प्यायला येतात का?"

"मग काय तुझं थोबाड बघायला येतात?"

बांध फुटला होता. शेजारचे लोक गच्च्यांवर आले. दोन्ही भावजया खिडक्यांतून आपापल्या नवऱ्याला विसरलेले मुद्दे आठवून देत होत्या. अप्पा ओरडले, "कुणीतरी एक मागे घ्या रे! राहुकाळ लागतोय!" दोघे एका सुरात म्हणाले, "आधी त्याला सांगा, अप्पा!"

म्हातारा पहिल्यांदा घाबरलेला मी पाहिला. वर्षभर थांबायचं म्हणजे पुढच्या दसऱ्याला आपण असू की नाही याची त्याला खात्री नव्हती, आणि पगडी डोक्यावर चढली होती. आता घरातच उतरवली तर घराण्याचा शब्दच खाली पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गाड्यांकडे बघितलं.

तेवढ्यात आतून अन्नपूर्णाबाई पेटी घेऊन आली, निघायच्या तयारीत. फाटकाकडे एक नजर टाकली.

"अप्पा, माझी रिक्षा मागच्या बोळात उभी आहे. चलता का?"

"मागच्या दारानं?" अप्पा म्हणाले. "भंगी येतो त्या बोळातून पगडी?"

"तो रोज तुमची घाण नेतो त्याच बोळातून. एक दिवस तुम्ही जा. आणि उंबरा तो उंबरा. पुढचा की मागचा हे मारिअम्मा विचारत नाही. इथंच थांबायचं असेल तर थांबा, संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचतील. ते तुमचेच वडील."

अप्पांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. राणोजी धाकट्याच्या काचेवर झेंडूची माळ आपटत होता. अप्पा वळले आणि स्वैपाकघरातून, चुलीला वळसा घालून, मागचा उंबरा ओलांडून बोळात उतरले.

रिक्षावाल्यानं पगडी बघितली आणि काही न विचारता रिक्षाचं टप मागे पाडलं. वर मोकळं आभाळ. पगडीला छप्परच नाही! अन्नपूर्णाबाई शेजारी बसली. मी मागून पळत निघालो, नैवेद्याची टोपली घेऊन. एग्मोरपर्यंत पगडी एवढीशी हलली नाही. लोक रस्त्यात थांबून नमस्कार करत होते; कुणाला वाटलं मिरवणूक आहे, कुणाला वाटलं सिनेमा.

आगगाडीच्या डब्याचं छप्पर पगडीच्या वर हातभर. खिडकीशी अप्पा, शेजारी अन्नपूर्णाबाई. समोर मी. चिंगलपेटला एक बाई उतरली आणि मी उठून अप्पांच्या बाकावर बसायला लागलो, तर अक्का म्हणाली, "गुंडोपंत, तिथंच. पगडी अर्धी करायची नाहीय." मी तिथंच बसलो. माझ्या मनात काही नव्हतं, पण असतं तरी ते तिनं आधी ओळखलं असतं.

विळुपुरमला अप्पा म्हणाले, "तुला आधी विचारायला हवं होतं का?"

"विचारलं असतंत तरी मी नाही म्हणाले असते."

"का?"

"तुमचे पोरगे बघितलेत ना? त्यांच्यावर हुकूम चालवायचा म्हणजे शिक्षा."

"मग आता?"

"आता तुमच्याशेजारी बसलेय. काय करणार?"

मारिअम्मेच्या देवळात दिवे लागले होते. अप्पांनी दोन्ही हातांनी पगडी उतरवली. खाली डोकं इतकं लहान निघालं की पुजाऱ्यानं मान वळवली. अप्पांनी पगडी मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घे. आता तू भांड." तिनं ती डोक्याला लावली नाही. बाजारातून भोपळा आणावा तशी काखेत धरली, देवीला नमस्कार केला आणि म्हणाली, "भांडेन."

आम्ही परतलो तेव्हा दोघे भाऊ अजून गाड्यांतच होते. जेवण खिडकीतून जात होतं. राणोजीच्या अंड्यात चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केली होती. काखेतली पगडी बघून दोघे स्टिअरिंगवर ताठ बसले.

"अक्का," जनकोजी म्हणाला, "आधी त्याला मागे घ्यायला सांग."

"अक्का, थोरला मी," राणोजी म्हणाला.

अन्नपूर्णाबाईनं पगडी दुसऱ्या काखेत घेतली. "ऐका. कुणीच मागे घ्यायची नाही. गाड्या आहेत तिथंच राहतील. पुढचं फाटक आजपासून बंद. तुम्ही दोघं, तुमच्या बायका, तुमचे पाहुणे, सगळ्यांनी मागच्या बोळानं यायचं-जायचं. मी ज्या दारानं अप्पांना नेलं त्या दारानं. आणि विहिरीकडची खोली मी घेतेय. तिथून विहीर दिसते. कुणी कुणाला तिथे घालताना मला बघायचंय."

पगडीपुढे मान हलवायची रीत. दोघांनी हलवली.

गाड्या अजून फाटकात आहेत. सुसरीच्या कवळीला गंज चढला आणि पेटाऱ्यातून शेवग्याचं झाड निघालं. त्याच्या शेंगा सांबारात घालतो आम्ही, चामड्याचा किंचित वास येतो. अप्पा गेले तेही मागच्या बोळातूनच. अन्नपूर्णाबाई पगडी कपाटावर ठेवते आणि कुणी आवाज चढवला की फक्त कपाटाकडे बघते.

माझ्या हाती निरोप पोचवायचं काम राहिलं नाही. रोज संध्याकाळी कॉफी झाली की दोघे भाऊ मागच्या बोळानं बाहेर पडतात, घराला वळसा घालून रस्त्यावर येतात, मागच्या दारांनी आपापल्या गाडीत शिरतात, पुढे सरकून स्टिअरिंगवर बसतात, काचा खाली करतात आणि काळोख पडेपर्यंत भांडतात. परवा राणोजीनं काचेतून मान बाहेर काढली. मग म्हणाला, पायसम आंबट नव्हतं, नुसतं पातळ होतं.

जनकोजीनं हँडल फिरवून काच वर केली.